इन्योच्या अरण्यातील यजमान

लॉस एंजेलिस सोडून उत्तरेस निघालेला प्रवासी मोजावेचे वाळवंट ओलांडतो आणि ३९५ क्रमांकाच्या महामार्गाला लागतो. तेथून पुढे डाव्या हाताला सिएरा नेवाडा पर्वताची भिंत एकाएकी उभी राहते. पायथ्याशी टेकड्या नाहीत की हळूहळू चढत जाणारी पठारे नाहीत. सपाट खोरे संपते आणि करडा ग्रॅनाइट थेट आभाळात शिरतो. याच भिंतीत माउंट व्हिटनी हे ४४२१ मीटर उंचीचे शिखर आहे. अलास्का वगळता संपूर्ण अमेरिकेत याहून उंच शिखर नाही. आपल्या कळसूबाईच्या अडीचपटीहून त्याची उंची अधिक. उजव्या हाताला इन्यो आणि व्हाइट माउंटन्स या उघड्या, तपकिरी डोंगररांगा आणि मधोमध ओवेन्स नदीचे खोरे. सुमारे ४३० किलोमीटर अंतर कापल्यावर बिशप हे गाव येते. येथील मूळचे पायूट लोक या खोऱ्याला वाहत्या पाण्याचा प्रदेश म्हणत. ते पाणी १९१३ पासून कालव्याने लॉस एंजेलिस शहराकडे जाऊ लागले आणि खोऱ्यातले ओवेन्स सरोवर काही वर्षांतच कोरडे पडले.

या खोऱ्याच्या दोन्ही बाजूंचे डोंगर मिळून इन्यो राष्ट्रीय वन होते. त्याचे क्षेत्र सुमारे वीस लाख एकर. १९०७ साली हे वन घोषित झाले तेव्हा त्यातल्या पुष्कळशा जमिनीवर झाड म्हणून नव्हते. शहराकडे जाणाऱ्या पाण्याची वाट मोकळी राहावी हा हेतू त्यामागे होता. वन या शब्दामागे नेहमी वृक्षप्रेमच असते असे नाही, हे येथे आरंभीच ध्यानात येते.

अमेरिकेत राष्ट्रीय उद्यान आणि राष्ट्रीय वन या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. उद्याने अंतर्गत (इंटिरियर) खात्याकडे, तर वने कृषी खात्याच्या वनसेवेकडे असतात. वनसेवा १९०५ साली स्थापन झाली आणि गिफर्ड पिंचो हे तिचे पहिले प्रमुख. उद्यानात जतनाला अग्रक्रम असतो. वनात मात्र लाकूडतोड, गुरेचराई, खाणकाम, शिकार, मासेमारी, जलसंधारण आणि पर्यटन यांना कायद्याच्या चौकटीत एकत्र जागा दिलेली असते. अशा १५४ राष्ट्रीय वनांसह वनसेवेच्या ताब्यातील एकूण जमीन १९ कोटी ३० लाख एकर, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीच पट भरते. ही सारी जमीन जनतेची आहे. व्यापारी घराण्यांतील माणसांना एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते: जी वस्तू सर्वांची असते ती बहुधा कोणाचीच नसते, आणि जिच्यावर कोणाचे नाव नाही तिची झीज सर्वांत लवकर होते. मग एवढी मोठी सामाईक मालमत्ता सांभाळतो कोण?

वनसेवेचे अधिकारी, शास्त्रज्ञ, अग्निशामक ही याची ठळक उत्तरे आहेत. परंतु बिशप खाडीच्या काठाने, मॅमथ लेक्सच्या सरोवरांभोवती किंवा व्हाइट माउंटन्सच्या माथ्यावर एखाद्या रात्रीचा मुक्काम करणाऱ्याला यांपैकी कोणी भेटेलच असे नाही. त्याला भेटतो तो मुक्कामतळाचा यजमान. तळाच्या तोंडाशी, पहिल्याच जागेवर एक मोटारघर उभे असते. बाहेर दोन घडीच्या खुर्च्या, एखादी कुंडी, पाण्याची नळी आणि ‘कॅम्प होस्ट’ अशी पाटी. बहुतेक वेळा तेथे साठी ओलांडलेले एखादे निवृत्त दाम्पत्य राहत असते.

तळ म्हणजे वृक्षांतून फिरणारा एक गोल रस्ता आणि त्याच्या कडेला आखून दिलेल्या जागा. प्रत्येक जागेला क्रमांक, एक लाकडी मेज, शेकोटीसाठी जमिनीत बसवलेले लोखंडी कडे आणि बहुतेक ठिकाणी अन्न ठेवण्यासाठी अस्वलाला उघडता येणार नाही अशी पोलादी पेटी. शौचालये पाण्याविना चालतात. खाली बंद टाकी असते आणि ती वाहनाने उपसून न्यावी लागते. एवढ्या सोयींवर माणसे आठ-नऊ हजार फुटांवर चार दिवस सुखाने राहतात. येथे तळ ठोकायला सहसा १४ दिवसांची मर्यादा असते; यजमान मात्र संपूर्ण हंगाम राहतो.

या यजमानपदाला कायद्याचा आधार आहे. १९७२ साली अमेरिकी संसदेने राष्ट्रीय वनांतील स्वयंसेवकांचा कायदा केला. त्यानुसार वनसेवा लोकांची विनावेतन सेवा स्वीकारू शकते. स्वयंसेवक हा सरकारी नोकर ठरत नाही. तथापि काम करताना इजा झाल्यास भरपाईसाठी, तसेच त्याच्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाल्यास दायित्वासाठी, त्याला नोकराप्रमाणेच संरक्षण मिळते. कामाआधी लेखी करार होतो आणि त्यात कामे नमूद असतात. मोबदला म्हणून राहण्याची जागा फुकट, जेथे सोय असेल तेथे वीज, पाणी व सांडपाण्याची जोडणी आणि काही ठिकाणी किरकोळ दैनिक भत्ता. अडीचशे तासांची सेवा भरली की वर्षभर राष्ट्रीय उद्याने व अन्य सार्वजनिक भूमींवर प्रवेश देणारा पास मिळतो. हिशेबाच्या वहीत ही नोंद फारशी भरत नाही. मोटारघर स्वतःचे, त्याचे इंधन व विमा स्वतःचा, किराणा स्वतःचा. नफ्यासाठी कोणी येथे येत नाही, हे ताळेबंद मांडण्याआधीच स्पष्ट आहे.

दिवस पहाटेच्या गारव्यात सुरू होतो. यजमान हातात बादली आणि कचरा उचलण्याचा चिमटा घेऊन गोल रस्त्याने निघतो. कोणती जागा रिकामी झाली, कोण आज निघणार, कोणत्या खुंटीवर आरक्षणाची चिठ्ठी लावायची, हे पाहत जातो. रिकाम्या जागेतील शेकोटीच्या कड्यातून राख उपसतो आणि तिच्यात हात घालण्याआधी हाताची मागची बाजू वर धरून ऊब आहे का ते तपासतो. मेज पुसतो. शौचालये धुतो, कागद भरतो. मोठा कचरा लोक बहुधा स्वतःच उचलतात; राहतात ते बारीक तुकडे, म्हणजे चांदीच्या कागदाची कात्रणे, बाटल्यांची झाकणे, पावाच्या पिशवीची तार, मासे पकडण्याचा तुटलेला दोरा. हा दोरा पक्ष्यांच्या पायांत अडकतो, म्हणून तो वाकून वाकून वेचावा लागतो. दुपारी नवे पाहुणे येतात आणि तेच प्रश्न नव्याने विचारले जातात: पाणी कोठे, फोन कोठे लागेल, वादळ येईल का, वरच्या तळ्यापर्यंत मुलांना नेता येईल का. रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ. त्या आधी एक अखेरची फेरी होते.

आपल्या तीर्थक्षेत्रांवरील धर्मशाळांत पूर्वी असे मुनीम असत. खोलीची किल्ली देणे, गादी-पांघरूण मोजून देणे व मोजून घेणे, पाण्याची वेळ सांगणे आणि आजारी यात्रेकरूसाठी वैद्य शोधणे ही त्यांची कामे. पेढीवर मालक बसत नसे, विश्वस्तांचे नाव असे. पण यात्रेकरूच्या दृष्टीने तीर्थाचा चेहरा म्हणजे तो मुनीमच. इन्योतील यजमानाची भूमिका यापासून फार दूर नाही. फरक एवढाच की मुनिमाकडे किल्ली असे. यजमानाकडे तीही नसते, कारण अरण्याला कुलूप नाही.

त्याच्याजवळ अधिकारही नसतो, हे या पदाचे खरे वैशिष्ट्य आहे. नियम मोडणाऱ्याला तो दंड करू शकत नाही, हुसकावू शकत नाही, कोणाचे सामान तपासू शकत नाही. नियम सांगणे, विनंती करणे आणि प्रकरण हाताबाहेर जाताना दिसले तर वनसेवेच्या रेंजर कार्यालयाला किंवा जिल्ह्याच्या शेरीफला कळवणे, एवढेच त्याच्या हाती आहे. वाद घालू नये, एकट्याने सामोरे जाऊ नये, असे प्रशिक्षणातच सांगितले जाते. रात्री ११ वाजता मोठ्याने संगीत लावणाऱ्या टोळक्याजवळ जाताना त्याच्या हातात असते ती फक्त भाषा. जैन आचारात भाषा समितीला जे स्थान आहे त्याचे लौकिक महत्त्व येथे उमगते: हितकर, मोजके आणि कोणाला न दुखवणारे बोलणे ही केवळ साधूंची शिस्त नव्हे, शस्त्र नसलेल्या माणसाचे ते एकमेव साधन आहे. चांगले यजमान पहिल्या संध्याकाळीच प्रत्येक जागेवर जाऊन नमस्कार करून येतात. ज्याच्याशी दिवसा हसून बोलणे झाले आहे, त्याला रात्री आवाज कमी करा असे सांगणे सोपे जाते आणि ऐकणाऱ्यालाही त्यात अपमान वाटत नाही.

पैशाची व्यवस्थाही विश्वासावर उभी आहे. अनेक तळांवर आगाऊ आरक्षण होते. परंतु पहिल्या येणाऱ्याला पहिली जागा या तत्त्वावर चालणाऱ्या तळांवर जमिनीत रोवलेला एक पोलादी खांब असतो. त्याला लोक विनोदाने ‘आयर्न रेंजर’, म्हणजे लोखंडी वनाधिकारी म्हणतात. पाकिटावर गाडीचा व जागेचा क्रमांक लिहायचा, शुल्क आत घालून पाकीट खांबाच्या फटीत टाकायचे आणि फाडलेली पावती जागेच्या खुंटीला लावायची. पावती न दिसल्यास यजमान आठवण करून देतो. पण पाकिटात किती घातले हे त्या क्षणी कोणी पाहत नाही. मंदिरातील भंडारात पैसे टाकणाऱ्या हातावर जसा पहारा नसतो तसेच हे. अचौर्य व्रताची परीक्षा तिजोरीसमोर होत नाही. अशा निर्जन खांबासमोर होते.

जैन वाचकाला सर्वाधिक विचार करायला लावणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. तळावर पाय ठेवताच सर्वत्र एकच सूचना दिसते: कोणत्याही प्राण्याला खाऊ घालू नका. अस्वलाला तर नाहीच, पण खारीला, चिपमंकला, निळ्या जे पक्ष्यालाही नाही. मुंग्यांना साखर, पक्ष्यांना दाणे आणि गायीला पहिली पोळी या संस्कारांत वाढलेल्या मनाला हे कठोर वाटते. लहान मूल शेंगदाण्याचा दाणा पुढे करते, खार धिटाईने हातापर्यंत येते, आणि यजमान हळूच म्हणतो की असे करू नका.

त्यामागे क्रौर्य नाही. सिएरातील काळे अस्वल मुळात गवत, मुळे, बोरे, कीटक यांवर जगते. त्याला एकदा माणसाच्या अन्नाची चव व जागा कळली की ते पुन्हा पुन्हा येते. मेजावरचे डबे, मग तंबू, मग मोटारीचे दार. गाडीत राहिलेली दंतमंजनाची नळी किंवा साबणाची वडीसुद्धा त्या वासाला पुरेशी असते. धीट झालेले अस्वल माणसांना धोकादायक ठरते आणि शेवटी अनेकदा त्याला मारावे लागते. म्हणजे ज्याने कौतुकाने लाडू पुढे केला तो घरी परततो आणि मृत्यूची शिक्षा अस्वलाला होते. खारींच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. या पर्वतांतील जमिनीवरच्या खारींमध्ये व त्यांच्या पिसवांमध्ये प्लेगचे जंतू अधूनमधून आढळतात. दाण्यामागे आलेली खार तो मुलाच्या हातापर्यंत आणू शकते. कॅलिफोर्नियाच्या राज्यध्वजावर ग्रिझली अस्वलाचे चित्र आहे, पण त्या राज्यात ग्रिझली १९२० च्या दशकातच नामशेष झाले. ध्वजावर उरलेला आणि अरण्यातून गेलेला हा प्राणी तेथील लोकांच्या स्मरणात आहे.

दयेचा उगम भावनेत असला तरी तिची पूर्तता विवेकात आहे, हे जैन परंपरेने यत्नाचाराच्या रूपाने फार पूर्वी सांगितले. कृती करण्याआधी तिच्या परिणामात कोणता जीव दुखावेल, हे पाहणे म्हणजे यत्नाचार. साधूंच्या समितींमध्ये वस्तू उचलता-ठेवताना आणि मलमूत्राचा उत्सर्ग करतानाही जागा पाहून घेण्यास सांगितले आहे. अरण्यात दूरवर पायी जाणाऱ्यांना यजमान जे सांगतो ते आश्चर्यकारकरीत्या याच वळणाचे असते: नैसर्गिक विधीसाठी पाण्यापासून दोनशे फूट दूर जा, सहा ते आठ इंच खोल खड्डा करा, तो बुजवा, पायवाट सोडून कोवळ्या गवतावर चालू नका, ओढ्याचे पाणी गाळल्याशिवाय किंवा उकळल्याशिवाय पिऊ नका. शेवटच्या सूचनेचे कारण पाण्यातील सूक्ष्म परोपजीवी आणि माणसाचे पोट हे आहे. हेतू निराळा असला तरी आचार ओळखीचा वाटतो.

यजमानाच्या कामात प्राणांतिक जबाबदारी कोणती, असे विचारल्यास उत्तर एकच: अग्नी. अमेरिकेतील वणव्यांपैकी सुमारे ८५ टक्के माणसामुळे लागतात आणि त्यांत न विझवलेली शेकोटी हे एक नेहमीचे कारण आहे. म्हणून राखेवर पाणी ओतायचे, काठीने ढवळायचे, पुन्हा पाणी ओतायचे आणि हाताला पूर्ण गार लागेपर्यंत जागा सोडायची नाही, हे यजमान दिवसातून दहा वेळा सांगतो. आणि लोक निघून गेल्यावर स्वतः पाहून येतो. जळण दूरच्या गावाहून आणू नका, असेही तो सांगतो, कारण लाकडात दडलेले किडे त्याबरोबर प्रवास करतात. दक्षिण कॅलिफोर्नियात ओक वृक्ष पोखरणारा एक भुंगेरा असाच पसरला.

सप्टेंबर २०२० मध्ये या पर्वताच्या पलीकडच्या, पश्चिमेकडील उतारावर सिएरा राष्ट्रीय वनात ‘क्रीक फायर’ नावाचा वणवा पेटला. एका सुटीच्या शनिवारी मॅमथ पूल या जलाशयाकाठी मुक्कामाला आलेल्या लोकांची परतीची वाट आगीने बंद केली. दोनशेहून अधिक माणसांना रात्री हेलिकॉप्टरने धुरातून बाहेर काढावे लागले. पुढे त्या वणव्यात तीन लाख एकोणऐंशी हजार एकरांहून अधिक क्षेत्र जळाले आणि काही दिवसांतच कॅलिफोर्नियातील अठराही राष्ट्रीय वने लोकांसाठी बंद करण्यात आली. तशा वेळी कोणत्या जागेवर किती माणसे आहेत, कोणाबरोबर लहान मुले आहेत, कोण सकाळी पायी वर गेला आणि अजून परतला नाही, हे तळावर ज्याला ठाऊक असते त्या माणसाची किंमत कळते. रोजची ती निरुपद्रवी फेरी आणि ते हसून विचारलेले ‘कोठून आलात?’ हे तेव्हा उपयोगी पडते.

वणव्यांचा दुसरा परिणाम अंदाजपत्रकात दिसतो. १९९५ साली वनसेवेच्या वार्षिक अंदाजपत्रकातील १६ टक्के रक्कम आगीसाठी लागत असे. २०१५ पर्यंत हा वाटा निम्म्याहून पुढे गेला. उरलेल्या पैशांत पायवाटा, तळ, शौचालये, संशोधन, सारेच भागवायचे. त्यामुळे स्वयंसेवक ही शोभेची गोष्ट राहिलेली नाही. अनेक तळ त्यांच्याविना उघडे ठेवणे अवघड आहे. येथे एक प्रामाणिक आक्षेप उभा राहतो. जे काम शासनाने पगारी माणसाकडून करून घ्यायला हवे ते सेवाभावी निवृत्तांच्या खांद्यावर टाकणे कितपत योग्य? तरुणाचा एक रोजगार त्यातून कमी होत नाही काय? अनेक तळ आता ठेकेदार कंपन्यांकडे आहेत. तेथील यजमानाला तासाप्रमाणे वेतन मिळते, पण कंपनीचे हित आणि अरण्याचे हित दर वेळी एकच असेल असे नाही. सेवा आणि फुकट श्रम यांच्यातील रेषा पुसट आहे. ज्या समाजाने देवस्थाने, पांजरपोळ आणि पाठशाळा विनावेतन विश्वस्तांवर चालवल्या त्याला हा पेच नवा नाही: विश्वस्त विनावेतन असावेत, पण त्यांच्या सेवेच्या आडोशाने संस्थेने झाडूवाल्याचा पगार बुडवू नये.

अधिकार असणाऱ्यांच्या हातूनही चूक होते, याची आठवण व्हाइट माउंटन्सवर होते. बिशपच्या दक्षिणेस बिग पाइन गावापासून वर जाणारा रस्ता ८६०० फुटांवरील ग्रँडव्ह्यू तळाजवळून पुढे दहा हजार फुटांवर ब्रिसलकोन पाइनच्या प्राचीन वनात पोहोचतो. ग्रँडव्ह्यू येथे पाणीच नाही. प्रत्येकाने आपले पाणी खालून आणायचे. रात्री तेथे आकाशगंगा इतकी स्पष्ट दिसते की दुर्बिणी घेऊन खगोलप्रेमी मुद्दाम येतात. वरच्या वनात ‘मेथुसेला’ नावाचा वृक्ष ४८०० वर्षांहून जुना आहे. मोहेंजोदडोच्या विटा रचल्या जाण्याआधी तो रुजला होता. एडमंड शुल्मन या संशोधकाने १९५७ साली त्याचे वय निश्चित केले. तो नेमका कोणता, हे वनसेवा सांगत नाही. पाटी लावली तर लोक त्याच्या ढलप्या आठवण म्हणून नेतील. शेजारच्या नेवाडा राज्यात याच जातीचा, जवळपास तेवढाच जुना एक वृक्ष १९६४ साली संशोधनासाठी कापला गेला. तो राष्ट्रीय वनातच उभा होता आणि कापण्यास वनसेवेची परवानगी होती. कडी मोजल्यावर त्याचे वय ४८०० वर्षांहून अधिक भरले. कागदावर सारे नियमानुसार होते.

या वनात जमिनीवर पडलेली वाळकी काटकीही उचलण्यास बंदी आहे. कोरड्या, थंड हवेत मृत लाकूड हजारो वर्षे कुजत नाही आणि त्यातील वार्षिक कड्यांच्या आधारे शास्त्रज्ञांनी कार्बन कालमापनाची पद्धत तपासून दुरुस्त केली. निरुपयोगी वाटणारे लाकूड म्हणजे दप्तरात जपलेली जुनी वही ठरली. काल कोणाला काय उपयोगी पडेल हे आज ठरवता येत नाही; म्हणून आहे ते तसेच ठेवणे, हाच येथे संरक्षणाचा पहिला नियम आहे.

कॅलिफोर्नियात मुला-नातवंडांकडे उन्हाळ्यात जाणारी अनेक जैन कुटुंबे या बाजूला सहलीस येतात. त्यांना हा मुक्काम जड जाऊ नये. जूनमध्ये बिशपला सूर्यास्त सव्वाआठच्या सुमारास होतो. चौविहार पाळणाऱ्याला निवांतपणे जेवण उरकून, भांडी पुसून, सारे अन्न पोलादी पेटीत बंद करता येते आणि अंधार पडण्याआधी मेज रिकामे झालेले पाहून यजमानालाही बरे वाटते. रात्री न खाण्याचा आपला नियम आणि रात्री अन्न बाहेर न ठेवण्याचा त्यांचा नियम येथे एकमेकांना पूरक ठरतात. शेकोटी न पेटवताही डोंगरातील रात्र सुंदर असते.

तेथे स्थायिक झालेल्यांपैकी कोणी स्वतः यजमान होण्याचा विचार केला तर त्याने एक अडचण आधीच ओळखावी. ओवेन्स खोऱ्यात येणाऱ्या बहुसंख्य लोकांना ट्राउट मासे पकडायचे असतात. आज मासा कोठे लागतो, हा यजमानाला सर्वाधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न आहे आणि हेमंतात शिकारीही येतात. अहिंसा व्रताचा माणूस याचे उत्तर कसे देईल? तो मौन राखू शकतो, ठाऊक नाही असे सांगू शकतो, किंवा मासेमारी नसलेला, ग्रँडव्ह्यूसारखा कोरडा तळ मागून घेऊ शकतो. परंतु समोरच्याचा तिरस्कार करून यजमानपद निभावत नाही. आपल्या आचाराशी तडजोड न करता इतरांच्या आचाराला सौजन्याने सामोरे जाणे, हे आपल्या व्यापारी पूर्वजांनी परप्रांतांच्या बाजारपेठांत पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. ज्याला ते जमेल त्यानेच हे काम पत्करावे. वय, रक्तदाब आणि उंचीवरील विरळ हवा यांचा विचार डॉक्टरांशी बोलून करावा, कारण मोठे रुग्णालय जवळ नसते. अर्ज मात्र हिवाळ्यातच संबंधित रेंजर कार्यालयाकडे करावा लागतो; वसंतात जागा भरलेल्या असतात.

सप्टेंबरच्या अखेरीस बिशप खाडीच्या काठचे ॲस्पेन वृक्ष पिवळे होतात. त्यांच्या पानांची सळसळ ऐकायला शेवटचे पाहुणे येतात. मग रात्री पारा गोठणबिंदूखाली जाऊ लागतो, नळ फुटू नयेत म्हणून पाणी सोडून दिले जाते आणि तळ एकेक करून बंद होतात. यजमान शेवटची फेरी मारतो, कड्यांतील राख काढतो, चिठ्ठ्यांच्या खुंट्या मोकळ्या करतो, वनसेवेचा बिल्ला, चिमटा आणि रेडिओ परत करून पोच घेतो. त्या यादीत जागेचा उल्लेख नसतो, कारण ती त्याला दिलेलीच नव्हती. पाटी उतरवून तो मोटारघर जोडतो आणि खोऱ्याकडे निघतो. चार-पाच महिन्यांत त्याने किती तुकडे वेचले आणि किती शेकोट्या गार केल्या, याची नोंद कोठेही राहत नाही. मे महिन्यात बर्फ वितळल्यावर जो पहिला प्रवासी त्या जागेवर उतरेल त्याला केवळ स्वच्छ मेज आणि रिकामे कडे दिसेल, आणि ते तसेच असते असे तो समजेल.